टास्कबारवर दिसते, पडद्यावर येत नाही: हरवलेली विंडो मेनूतून परत कशी आणायची

प्रश्न अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून आला आहे. डिझाइनच्या संगणकाला दोन मॉनिटर होते, त्यातला एक काढून डिस्पॅचला दिला. तेव्हापासून बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की टास्कबारवर त्याचं चिन्ह येतं, पडद्यावर मात्र काहीच दिसत नाही. संगणक रीस्टार्ट करून झाला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून झालं, आता कोणीतरी फॉरमॅट मारायला सांगतंय. सोबत आणखी दोन तक्रारी आहेत: फोटोशॉपमधली टूल्स काम करता करता गायब होतात, आणि एक्सेलच्या दोन फाइल्स शेजारी-शेजारी नीट बसत नाहीत.

फॉरमॅट करू नका. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही आणि डेटाही कुठे गेलेला नाही. विंडो उघडलेली आहे, पण जिथे आता मॉनिटरच उरला नाही अशा जागी ती उघडली आहे. माउस तिथवर पोचत नाही, त्यामुळे ओढून आणता येत नाही. मात्र प्रत्येक विंडोला स्वतःचा एक छोटा मेनू असतो आणि तो कीबोर्डवरून उघडता येतो, विंडो डोळ्यांना दिसत नसली तरी. तुमच्या बाकीच्या दोन तक्रारींचं उत्तरही मेनूंमध्येच आहे, म्हणून तिन्ही एकत्र घेतो. सर्वात जास्त वेळ पहिल्या तक्रारीला देतो, कारण फॉरमॅटचं संकट तिच्यामुळे आलं आहे.

आधी एक तपासणी करा. मॉनिटर काढला, पण त्या केबलवर मीटिंगच्या खोलीतला टीव्ही किंवा एखादा कन्व्हर्टर अजून जोडलेला असेल, तर संगणकाच्या हिशेबी दुसरा पडदा अजून आहे. टीव्ही रिमोटने बंद असला तरी संगणक त्याला धरून चालतो, असं बऱ्याचदा होतं. विंडोज की आणि पी एकत्र दाबा. चार पर्याय येतील. त्यातला पहिला, 'पीसी स्क्रीन ओन्ली', बाणाने निवडून एंटर दाबा. गोंधळ एवढाच असेल तर विंडो लगेच समोर येईल आणि पुढचं काही करावं लागणार नाही.

ती आली नाही, तर आता विंडोच्या मेनूकडे वळू. बिलिंगचं सॉफ्टवेअर चालू करा. टास्कबारवरच्या चिन्हावर पुन्हा पुन्हा क्लिक करू नका, कारण समोर असलेल्या विंडोच्या चिन्हावर क्लिक केलं की ती मिनिमाइझ होते आणि पुढच्या क्लिकला परत येते. विंडो दिसतच नसल्यामुळे ती कोणत्या स्थितीत आहे हे तुम्हाला कळणार नाही. त्याऐवजी ऑल्ट दाबून ठेवा, टॅबने त्या सॉफ्टवेअरवर या आणि सोडा. आता ऑल्ट आणि स्पेसबार एकत्र दाबा. पडद्याच्या एखाद्या कडेला चिकटून सहा ओळींचा मेनू दिसेल: रिस्टोअर, मूव्ह, साइझ, मिनिमाइझ, मॅक्सिमाइझ, क्लोज.

घाई न करता या मेनूतल्या फिक्या ओळी वाचा. विंडो कुठे अडकली आहे ते त्या ओळी सांगतात, आणि बहुतेक माणसं नेमकं हेच बघत नाहीत. 'रिस्टोअर' फिकी असेल आणि 'मूव्ह' गडद असेल, तर विंडो नेहमीच्या आकारात उघडी आहे, म्हणजे ती पडद्याबाहेरच गेली आहे. 'रिस्टोअर' गडद आणि 'मिनिमाइझ' फिकी असेल, तर ती फक्त मिनिमाइझ झालेली आहे. 'रिस्टोअर' गडद आणि 'मॅक्सिमाइझ' फिकी असेल, तर ती पूर्ण पडदाभर आहे, आणि तरीही दिसत नसेल तर ती दुसऱ्या पडद्यावर पसरलेली आहे. अशा वेळी पुन्हा विंडोज आणि पी कडे जा. मेनूत 'मूव्ह' आणि 'क्लोज' एवढ्याच ओळी आल्या, तर तुमच्या हाती मुख्य विंडो नसून एखादा छोटा प्रश्नाचा चौकोन आहे. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

तुमच्या वर्णनावरून पहिली स्थिती निघेल असं वाटतं. मग मेनू उघडा असतानाच एम दाबा. कीबोर्ड मराठीवर असेल तर अक्षराने काम होईलच असं नाही. तेव्हा खालच्या बाणाने 'मूव्ह'वर जाऊन एंटर दाबा. विंडोजची भाषाच मराठी केलेली असेल तर ओळींची नावं वेगळी दिसतील, पण क्रम तोच असतो आणि मूव्ह दुसरी ओळ असते. आता दुसरा मॉनिटर ज्या बाजूला होता त्याच्या उलट्या दिशेचा बाण एकदा दाबा. तो उजवीकडे होता तर डावा बाण, डावीकडे होता तर उजवा. एकदा बाण दाबला की विंडो माउसला चिकटते. कीबोर्ड सोडून माउस हलवा; विंडो पडद्यात आली की क्लिक करा. माउस नको असेल तर बाण दाबून धरा आणि शेवटी एंटर दाबा. मधेच काही चुकलं तर एस्केप दाबा, विंडो मूळ जागी जाते.

'रिस्टोअर' गडद दिसत असेल तर आधी आर दाबून रिस्टोअर करा. मिनिमाइझ किंवा मॅक्सिमाइझ झालेल्या विंडोचा 'मूव्ह' फिका असतो, त्यामुळे थेट एम दाबून उपयोग होत नाही.

मूव्हऐवजी एक्स दाबून मॅक्सिमाइझ करण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्याने विंडो जवळच्या पडद्यावर पूर्ण उघडते हे खरं. पण पुढे कधी ती रिस्टोअर केली की पुन्हा बाहेर पळते, कारण तिच्या जागेचे जुने आकडे तसेच राहिलेले असतात. मूव्हने ते आकडेच बदलतात, म्हणून मी मूव्हच सुचवतो.

आकडे म्हणजे काय, तेही सांगतो, कारण रीस्टार्ट आणि पुन्हा इन्स्टॉल करूनही फरक का पडला नाही ते त्यातून कळेल. विंडोज सगळ्या मॉनिटरना मिळून एकच मोठं पटांगण धरतं. मुख्य मॉनिटर १९२० बाय १०८० चा असेल तर त्याचा वरचा डावा कोपरा शून्य-शून्य. त्याच्या उजवीकडे लावलेला मॉनिटर १९२० पासून सुरू होतो. डावीकडे लावलेल्याचे आकडे उणे असतात. अनेक सॉफ्टवेअर बंद होताना आपली विंडो कुठे होती ते आकडे लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी तिथेच उघडतात. मॉनिटर काढला तेव्हा उघड्या असलेल्या विंडो विंडोज स्वतः उरलेल्या पडद्यावर ओढून घेतं, पण नंतर चालू झालेलं सॉफ्टवेअर आपल्या वहीतलेच आकडे वाचतं. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर 'ही जागा आता आहे का' हे तपासतं, काही जुनी सॉफ्टवेअर तपासत नाहीत. हे आकडे रजिस्ट्रीत (विंडोज जिथे सेटिंग्ज साठवून ठेवतं तिथे) किंवा वापरकर्त्याच्या फोल्डरात असतात, आणि सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केल्यावर ते बहुधा तिथेच राहतात. म्हणून पुन्हा टाकलेलं सॉफ्टवेअर पुन्हा त्याच जागी उघडलं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. विंडो पडद्यात आणल्यावर सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या 'एक्झिट'ने किंवा ऑल्ट-एफ४ ने बंद करा. टास्क मॅनेजरमधून 'एंड टास्क' केलंत तर नवे आकडे लिहिले जाण्याची संधीच मिळत नाही आणि उद्या सकाळी तोच प्रकार. एकदा नीट बंद करून पुन्हा उघडा. जागेवर उघडलं की हा विषय संपला.

ऑल्ट-स्पेस दाबल्यावर हा मेनू न येता काही वेगळंच उघडत असेल, तर दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने ती जोडी बळकावली आहे. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज नावाचं जादा सोयींचं सॉफ्टवेअर घेतलं असेल आणि त्यातला 'रन' हा भाग चालू असेल, तर तो सहसा ऑल्ट-स्पेसच वापरतो. काही एआय साहाय्यकही तेच करतात. त्यांच्या सेटिंगमध्ये शॉर्टकट बदला. किंवा तात्पुरतं शिफ्ट दाबून धरून टास्कबारवरच्या चिन्हावर उजवं क्लिक करा, तोच जुना मेनू मिळतो. विंडोज आणि स्पेस दाबलंत तर कीबोर्डची भाषा बदलते. मराठी-इंग्रजी दोन्ही वापरणाऱ्या ऑफिसात ही गल्लत रोज होते, तेव्हा बोट कुठे आहे ते बघून दाबा.

विंडोज १० असेल तर आणखी एक सोय आहे: टास्कबारच्या रिकाम्या जागी उजवं क्लिक करून 'कॅस्केड विंडोज'. उघड्या विंडो एकावर एक तिरक्या रचून मुख्य पडद्यावर येतात. विंडोज ११ मध्ये हा पर्याय काढून टाकला आहे. त्याच्या बदल्यात तिथे सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज या वाटेने गेलात की मॉनिटर काढल्यावर विंडो मिनिमाइझ कराव्यात का आणि जोडणीनुसार जागा लक्षात ठेवाव्यात का, असे दोन चौकोन सापडतील. ज्यांचा लॅपटॉप रोज मॉनिटरला लागतो आणि निघतो त्यांनी दोन्ही चालू ठेवावेत. तुमचा मॉनिटर कायमचा गेला आहे, तुम्हाला त्यांचा फारसा उपयोग नाही.

हे सगळं संगणक तुमच्या समोर आहे असं धरून लिहिलं. बिलिंग दुसऱ्या संगणकावर असेल आणि तुम्ही विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने तिथे जात असाल, तर रिमोटची विंडो छोटी ठेवलेली असताना ऑल्ट-स्पेस तुमच्याच संगणकाला लागतं. अशा वेळी ऑल्ट-डिलीट दाबा. पलीकडच्या विंडोचा मेनू उघडतो. किंवा रिमोट पूर्ण पडदाभर करा आणि मग ऑल्ट-स्पेस वापरा.

आता प्रश्नाचा छोटा चौकोन. 'सॉफ्टवेअर अडकलंय, क्लिक केलं की टुंग आवाज येतो' ही तक्रार मला वारंवार ऐकू येते, आणि त्यातल्या पुष्कळ वेळा सॉफ्टवेअर अडकलेलं नसतं. 'सेव्ह करायचं का' किंवा 'प्रिंटर सापडत नाही' असा चौकोन मुख्य विंडोच्या मागे किंवा पडद्याबाहेर उघडलेला असतो. त्याला उत्तर मिळेपर्यंत मुख्य विंडो काहीही ऐकत नाही. ऑल्ट-टॅबने तो चौकोन शोधा आणि ऑल्ट-स्पेस, एम, बाण याच पद्धतीने आत आणा. मजकूर वाचता आला नाही तर एस्केप दाबा. एंटर दाबू नका. एस्केप बहुतेक ठिकाणी 'रद्द' असतं, एंटरने मात्र न वाचलेल्या प्रश्नाला होकार जाऊ शकतो. एक्सेलमध्ये हे जास्त छळतं, कारण एका फाइलवर 'सेव्ह ॲज'चा चौकोन उघडा असेल तर त्याच एक्सेलमधल्या बाकीच्या फाइल्सही गप्प बसतात.

१३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर याच जातीचा आणखी एक त्रास होतो: चौकोन पडद्यापेक्षा उंच निघतो आणि 'ओके'चं बटण टास्कबारखाली लपतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के असेल तर हे हमखास. तिथेही ऑल्ट-स्पेस, एम आणि वरचा बाण. वारंवार होत असेल तर स्केल १०० वर आणा.

एक्सेलकडे येऊ. तुमची आवृत्ती कोणती यावर थोडं अवलंबून आहे. एक्सेल २०१० पर्यंत सगळ्या फाइल्स एकाच मोठ्या विंडोच्या पोटात उघडत. २०१३ पासून प्रत्येक फाइलची स्वतंत्र विंडो असते. २०१० वर असाल तर आतल्या फाइलच्या विंडोचा मेनू ऑल्ट आणि वजाच्या चिन्हाने उघडतो. पुढचं दोन्हींना लागू आहे. व्ह्यू टॅबमध्ये 'विंडो' नावाचा गट आहे. पार्टीची ऑर्डर आणि आपला स्टॉक अशा दोन फाइल्स शेजारी हव्या असतील तर दोन्ही उघडा, 'अरेंज ऑल' दाबा आणि 'व्हर्टिकल' निवडा. तिथे खाली 'विंडोज ऑफ ॲक्टिव्ह वर्कबुक' असा चौकोन असतो. तो टिक असेल तर एक्सेल फक्त चालू फाइलच्या विंडो मांडतं आणि दुसरी फाइल जागची हलत नाही. 'शेजारी बसत नाहीत' असं तुम्ही म्हणता त्यामागे बहुधा हीच टिक आहे, ती काढा.

दोन्ही याद्या ओळीला ओळ लावून तपासायच्या असतील तर 'व्ह्यू साइड बाय साइड' घ्या. त्यासोबत 'सिंक्रोनस स्क्रोलिंग' आपोआप चालू होतं आणि दोन्ही फाइल्स एकत्र सरकतात. ते बसत नसेल आणि 'स्विच विंडोज'च्या यादीत दुसरी फाइल दिसतच नसेल, तर ती फाइल एक्सेलच्या वेगळ्या प्रतीत उघडलेली आहे. ती बंद करून पहिल्या एक्सेलमधूनच, फाइल मेनूतल्या 'ओपन'ने उघडा.

एकाच फाइलच्या दोन शीट एकत्र बघायच्या असतील तर त्याच गटातलं 'न्यू विंडो'. नावापुढे १ आणि २ लागतात. ही फाइलची प्रत नसते, एकात लिहिलेलं दुसऱ्यात लगेच दिसतं. फक्त काम झाल्यावर २ क्रमांकाची विंडो आधी बंद करा. जुन्या आवृत्त्यांत फ्रीझ पेन्स नव्या विंडोत उतरत नाही. १ बंद करून २ ठेवून सेव्ह केलंत तर गोठवलेल्या ओळी जातात आणि पुढच्या माणसाला वाटतं कोणीतरी फाइल बिघडवली.

फाइल उघडली पण आत फक्त करडा रिकामा पडदा दिसला, तर कोणीतरी 'हाइड' करून सेव्ह केलेलं असतं. व्ह्यू, 'अनहाइड', आणि यादीतून आपली फाइल निवडा. यादीत पर्सनल नावाची एक फाइल दिसू शकते. ती मॅक्रोंची, म्हणजे एक्सेलमध्ये साठवलेल्या आपोआप चालणाऱ्या कामांची असते, तिला हात लावू नका.

फोटोशॉपची तक्रार सोपी आहे. टूल्स गायब होतात ते टॅब की चुकून दाबल्यामुळे. फोटोशॉपमध्ये टॅबने सगळी पॅनल्स लपतात आणि पुन्हा टॅबने येतात. शिफ्ट-टॅबने टूल्सची पट्टी राहते, बाकीची लपतात. वरचा मेनूसुद्धा गेला असेल तर एफ दाबला गेला आहे. तिथे एस्केप दाबा. एखादंच पॅनल नाहीसं झालं असेल तर वरच्या 'विंडो' मेनूत त्याच्या नावावर टिक करा. सगळाच पसारा झाला असेल तर विंडो, वर्कस्पेस, 'रीसेट'. डिझाइन जशीच्या तशी राहते, फक्त पॅनल्सची मांडणी मूळ जागी येते. कोरलड्रॉ वापरत असाल तर त्याच्याही 'विंडो' मेनूत 'डॉकर्स' आणि 'वर्कस्पेस' आहेत. एफ८ धरून कोरल चालू केलं की सगळं मूळ रूपात येतं, पण त्यात तुमचे स्वतः लावलेले शॉर्टकटही जातात, म्हणून तो शेवटचा उपाय ठेवा.

त्याच 'विंडो' मेनूतली एक ओळ जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, कामाला फार उपयोगी आहे आणि ती तुमच्या डिझायनरला जरूर दाखवा. समजा १३४४ हुकांच्या (हुक म्हणजे उभे धागे उचलणारी कडी) जकार्डसाठी १३४४ पिक्सेल रुंद डिझाइन घेतलं, एक पिक्सेल म्हणजे एक उभा धागा. ठिपका-ठिपका दुरुस्त करायला ८०० टक्के झूम लागतो. तेव्हा १९२० च्या मॉनिटरवर जेमतेम २४० पिक्सेल मावतात, म्हणजे डिझाइनचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. मग माणूस दर मिनिटाला झूम आत-बाहेर करत बसतो. पूर्वी दुसरा मॉनिटर याच कामाला येत असणार. आता विंडो, 'अरेंज', आणि सर्वात खालची 'न्यू विंडो फॉर' ही ओळ घ्या. पुढे फाइलचं नाव असतं. मग अरेंजमधूनच '२-अप व्हर्टिकल'. एका बाजूला ८०० टक्के, दुसऱ्या बाजूला पूर्ण रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी अख्खी नक्षी. डावीकडे एक ठिपका बदलला की उजवीकडे काठ-बुट्टीत तो कसा दिसतो ते तिथेच कळतं. इमेज मेनूतलं 'डुप्लिकेट' मात्र वापरू नका. त्याने वेगळी फाइल तयार होते, दुरुस्ती एकीत राहते आणि मागावर दुसरीच जाते.

बिलिंगचं काम टॅली प्राइमवर होत असेल तर एक वेगळी गोष्ट. टॅलीच्या आत एकावर एक उघडलेले पडदे विंडोजला दिसत नाहीत, ऑल्ट-टॅबला ती एकच विंडो आहे. अर्धवट भरलेलं व्हाउचर न सोडता दुसरा रिपोर्ट बघायचा असेल तर टॅलीचाच ऑल्ट-जी, म्हणजे 'गो टू', वापरा आणि बघून झाल्यावर एस्केपने मागे या. महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरण्याच्या गडबडीत याने बराच वेळ वाचतो.

करून बघताना या क्रमाने जा: विंडोज-पी, मग ऑल्ट-टॅब, मग ऑल्ट-स्पेस, फिक्या ओळी वाचणं, गरज असेल तर रिस्टोअर, मूव्ह, बाण, माउस, क्लिक, आणि शेवटी सॉफ्टवेअर नीट बंद करणं. तरीही विंडो आली नाही तर विंडोजची आवृत्ती, काढलेला मॉनिटर डावीकडे होता की उजवीकडे, आणि ऑल्ट-स्पेसच्या मेनूत नेमक्या कोणत्या ओळी फिक्या आहेत, एवढ्या तीन गोष्टी लिहून पाठवा. मेनूचा मोबाइलवर फोटो काढून टाकलात तरी चालेल. फक्त फोटोत पार्टीची नावं आणि रकमा दिसणार नाहीत एवढं बघा.